सरजाबाईंच्या खुंटीवर

मी दुरडी बोलतेय. कुलूपबंद घरातून, खुंटीवरून.

लातूर जिल्हा झाला त्या साली गुणाबाईंनी मला चाकूरच्या बाजारात बुरडाकडून घेतलं. त्यांच्या परसात भांड्यांच्या पाण्यावर दोडक्याचा वेल वाढला होता. भिंतीपलीकडे सरजाबाई एकट्या राहायच्या. त्यांचा मुलगा भीमा नांदेडला नोकरीला. मी दोडके घेऊन भिंतीवरून जायची आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन परत यायची. शेजारणीची दुरडी रिकामी धाडायची नाही, ही दोघींचीही रीत.

सरजाबाईंकडून आले की विटाळ जावा म्हणून माझ्यावर पाणी शिंपडावं, असं गुणाबाईंच्या सासूचं म्हणणं. पाऊस दडला तेव्हा गुणाबाई म्हणाल्या, "प्यायला न्हाई, शिंपडायला कुठलं आणू, आत्याबाई?" शिंपडणं तिथंच थांबलं.

मग विहिरी आटल्या. सरजाबाईंचा शेवगा वाळला. गुणाबाईंनी वेलावरचे शेवटचे दोन दोडके माझ्यात घालून पाठवले. सरजाबाईंनी एक शिजवला. दुसरा निबर होता, तो बियाण्यासाठी छपरावर ठेवला. माझ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "बी तरी घालून धाडीन. रिकामी कशी देऊ?"

दोडका वाळायला वेळ लागत होता. एका सकाळी गुणाबाईंनी भिंतीवरून हाक दिली, "सरजे, दोडक्यासंगं दुरडीबी शिजवलीस का गं?"

थट्टाच होती. पण सरजाबाई हसल्या नाहीत. "देते, अक्का," एवढंच म्हणून आत आल्या. त्यानंतर त्या भिंतीकडे फिरकल्या नाहीत.

दोडका खुळखुळायला लागला त्या दिवशी त्यांनी तो माझ्यात ठेवला, मला खुंटीला अडकवलं. "टँकरचं पाणी भरते अन् देऊन येते," स्वतःशीच म्हणाल्या आणि घागर घेऊन गेल्या. उन्हात, रांगेतच कोसळल्या. भीमा आला, सगळं उरकून कुलूप लावून गेला. खुंटीकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

आता दिवेलागणीला गुणाबाई भिंतीपाशी येतात. कौलांतून वारा शिरला की मी हलते, दोडक्यातलं बी खुळखुळतं. त्या दचकतात.

"सरजे, हायस का?"

मग हळूच म्हणतात, "राहू दे गं दुरडी. तू नुस्तं बोल."

माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तुम्हाला नांदेडात भीमा भेटला तर सांगा, एकदा कुलूप उघड. घरात उंदीर फिरायला लागलेत. ते बी खाऊन टाकायच्या आत मला भिंतीपलीकडे जायचंय. मी रिकामी नाही.