दाब

आमच्या घरात दाब फक्त बाबांचा. धाकट्या भावाने त्यांच्या गाडीला टर्बो बसवला, वर मोठा सायलेन्सर लावला, आणि गाडी थेट त्यांच्यावर गेली. एकदा तापली की कुणाचं ऐकेना. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की टर्बोच्या दाबाचा काटा धोक्याच्या रेघेवर न थांबता चढतच जायचा आणि शेजारी बसलेले बाबा ओरडायचे, "हळू! इंजिन फोडतोस का?"

शेवटी त्यांनी सांगून टाकलं, "रविवारी काटा रेघेपुढे गेला, तर गाडी विकणार. आणि तुझं गॅरेजचं खूळही बंद."

धाकट्याने मला क्लिनिकमधून बोलावून घेतलं, कवळ्या घासायच्या मशीनसकट. टर्बो टेबलावर उघडा पडला होता.

"ताई, हे भोक बघ. टर्बोच्या चाकाला नको असलेला धूर इथून बाहेर पडतो. सायलेन्सर मोठा झाला, धूर जोरात यायला लागला, भोक मात्र तेवढंच; मग उरलेला धूर चाक जास्तच फिरवतो आणि दाब चढतो. ते मोठं करायला हवं. पण काठावर झडप बसते. हात घसरला की टर्बो बाद."

"मग कर की."

"माझं हत्यार आडदांड आहे, आत शिरत नाही. तू तर रोज दाढा कोरतेस."

"मी डेंटिस्ट आहे, फिटर नाही!" मी फणकारले आणि बाह्या सरसावल्या.

कुठवर घासायचं ते त्याने खडूने आखून ठेवलं होतं. मी घासत होते, तो श्वास रोखून उभा होता. मध्येच म्हणाला, "भूल द्यायची का ह्याला?"

"तोंड बंद ठेव. पेशंटचं नाही, तुझं."

रविवारी बाबा पुढे बसले, मी मागे. गावाबाहेरच्या मोकळ्या चढावर धाकट्याने पाय पूर्ण दाबला. काटा चढला, रेघेशी आला आणि तिथेच थांबला. इंजिन गर्जत होतं, काटा हलेना. माझा ऊर भरून आला. हात माझा होता, पण दुखणं त्याने ओळखलं होतं. आमच्या धंद्यात खरी हुशारी त्यालाच म्हणतात. माझा भाऊ आहे तो!

धाकट्याने सवयीने पाय उचलला.

"का रे, पाय का काढलास?"

"तुम्ही ओरडाल म्हणून."

बाबांनी काट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"दाब," ते म्हणाले. "चढ अजून संपला नाही."