सात नंबरचं पिल्लू

प्रयोगशाळेतल्या एक्स-रेवाल्या बाई दर सोमवारी कुत्र्याच्या बारा पिल्लांच्या मांडीचं हाड मोजायच्या. सहा पिल्लांच्या खाण्यात कॅल्शियम जास्त, सहांच्या कमी. कुणाचं हाड किती वाढतं आणि किती भक्कम होतं, हे डॉक्टरांना बघायचं होतं. पिल्लांना नावं द्यायची नाहीत, असा त्यांचा दंडक. बाईंनी मात्र सात नंबरला मनातल्या मनात ‘टांगाळ्या’ करून टाकलं होतं. पोटापेक्षा पायच जास्त!

टांगाळ्याचं हाड त्यांना मिलिमीटरपर्यंत पाठ होतं. पोटच्या पोराची उंची मात्र फोनवर विचारावी लागायची. नवरा गेल्यावर त्यांनी लेकाला दूर आजोळी ठेवलं होतं, त्याला आता चार वर्षं झाली. बाराव्या वाढदिवसाला त्यांनी अंदाजानंच पँट पाठवली.

“अगं, घोट्याच्या चार बोटं वर राहतेय,” फोनवर त्यांची आई हसत होती. “ताडमाड वाढलाय तुझा लेक. कुठल्या मापानं घेतलीस?”

“मागच्या सुट्टीतल्या,” बाई म्हणाल्या.

चोविसाव्या आठवड्यात मोजमाप संपलं. आता हाड यंत्रात धरून मोडेपर्यंत वाकवायचं होतं. म्हणजे आधी पिल्लांना कायमचं झोपवायचं. बाई डॉक्टरांकडे गेल्या.

“सात नंबर मला द्या. घरी नेते.”

“बाई, एक वगळला तर बाकीच्या अकरांचं मरण फुकट जाईल. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “त्या दिवशी तुम्ही रजा घ्या.”

“नको. तो दुसऱ्या कुणाच्या हाती शांत राहत नाही.”

सुई टोचताना त्यांनीच त्याला धरलं. तो शेपटी हलवत होता, मग थांबला. हात धुऊन बाईंनी रजेचा अर्ज लिहिला आणि तशाच स्टेशनवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकानंच दार उघडलं. तो गळ्यात पडेल असं बाईंना वाटलं होतं. तो बाजूला सरकून उभा राहिला, आत बघून ओरडला, “आजी, आई आलीय!”

“जवळ ये ना जरा.”

तो आला. त्याचं डोकं त्यांच्या हनुवटीला लागलं. बाईंनी त्याला असं कवटाळलं, की तो अवघडला.

“किती दिवस आहेस?” पाहुण्याला विचारावं तसं त्यानं विचारलं.

“तीन,” बाई म्हणाल्या, पण हात काही सैल होईनात.