मानेखालची उशी

गल्लीत स्कूटर थांबल्याचा आवाज आला तशी गोजराने अर्पिताच्या मानेखालची उशी ओढून काढली आणि पिंपामागे कोंबली.

"आये, हलू!" अर्पिता कळवळली.

"गप. सिस्टर आयली."

अडीच महिन्यांपूर्वी गॅसपाशी अर्पिताच्या ओढणीने पेट घेतला होता. हनुवटी, गळा, छाती भाजली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात मांडीची कातडी काढून गळ्यावर लावली आणि पोरगी खाडीकाठच्या कोळीवाड्यात, सारसोळ्याला परत आली. दर आठवड्याला तिला तिकडे नेणं जमणारं नव्हतं. म्हणून आरोग्य केंद्रातली प्रेमला सिस्टर गुरुवारी घरी येई आणि फोनवर डॉक्टरीणबाईंना गळा दाखवी.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, उशी द्यायची नाही. नवी कातडी आवळत जाते, हनुवटीला छातीकडे ओढते. मान मागे ताणलेलीच राहिली पाहिजे. गोजराला ते कळलं होतं. पण ताणलेल्या मानेने पोर दिवसभर कण्हत पडायची. एका दुपारी गोजराने घटकाभर उशी दिली आणि अर्पिता कितीतरी दिवसांनी शांत झोपली. मग दुसऱ्या दिवशीही दिली. मग रोजच.

"काय अर्पिता, आज तोंड का फुगलंय?" प्रेमला चपला काढत म्हणाली. ती मूळची साताऱ्याकडची. "म्याडम फोनवर दिसत्यात तर जरा हसून दाव की!"

अर्पिता हसली नाही. प्रेमलाने फोन लावला आणि रेंज मिळते त्या खिडकीपाशी तिला बसवलं. पडद्यावर डॉक्टर प्रियदर्शिनी दिसू लागल्या.

"अर्पिता, छताकडे बघ."

अर्पिताने डोळे वर केले.

"डोळ्यांनी नाही गं. हनुवटी वर कर."

तिने ओठ आवळून जोर केला. हनुवटीपासून गळ्याच्या खड्ड्यापर्यंत कातडीचा एक जाड पट्टा दोरीसारखा उभा राहिला. हनुवटी होती तिथेच राहिली.

पडद्यावरचा डॉक्टरांचा चेहरा हलेना.

"सिस्टर, फोन अडकला काय?" गोजराने विचारलं.

"नाही मावशी, मी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सिस्टर, बोटं घालून बघा."

प्रेमलाने हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये आपली बोटं आडवी धरली. डॉक्टरला हात लावता येत नव्हता, म्हणून दर खेपेला हेच माप.

"मागच्या खेपेला तीन जात होती म्याडम. आज एकच जातंय. त्ये बी ओढून."

"उशी देताय का?"

"नाय ओ बाय. देवाशप्पत नाय," गोजरा म्हणाली.

"मीच घेतंय," अर्पिता एकदम बोलली. "आय मासली इकाला गेली का घेतंय. तिला म्हाईत नाय."

गोजराने लेकीकडे पाहिलं. गळा जळलेली पोर आईला पाठीशी घालत होती.

"खोटं बोलते ती," गोजरा खाली बसली. "मीच देत व्हते. रडायची ओ. मना बगवत नव्हतं."

आता डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून तिने मान खाली घातली. त्या रागावल्या नाहीत. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"मावशी, आता पुन्हा ऑपरेशन लागेल. इथे खाटा कमी, नंबर यायला महिने जातील. तोवर जेवढी मान उरलीय तेवढी राखायची. गादी खांद्यांपर्यंत, डोकं गादीच्या बाहेर, मागे. ती ओरडेल. तुम्ही सोडायचं नाही."

"तुमी एकदा हात लावून बगा ना. फोनात काय समजतं?"

"हात पोचला असता मावशी, तर मीच धरलं असतं."

फोन बंद झाला. दाराशी जाळं विणत बसलेला गोजराचा नवरा रामचंद्र उठला आणि जाळं तिथेच टाकून जेट्टीकडे चालू लागला. मान ताणायची वेळ आली की तो घरात थांबत नसे.

"चला, आत्ताच करू," प्रेमला म्हणाली.

"तू धर ना गो. मी पाय धरते तिचं."

"न्हाई मावशी. मी आठवड्यातनं एकदा येनार. बाकीच्या दिवशी कोन?"

दोघींनी अर्पिताला पलंगावर उताणी निजवली, खांदे गादीच्या काठावर आणले. गोजरा जमिनीवर गुडघे टेकून बसली. लेकीचं डोकं तिने दोन्ही तळव्यांवर घेतलं.

"आता हळूहळू खाली जाऊ द्या. आजून."

अर्पिता किंचाळली. समोरच्या घराची खिडकी उघडली. "आये, सोड! आये, तुज्या पाया पडतंय!"

गोजराने तळवे आणखी खाली नेले. पट्टा ताणून पांढरा पडला होता.

किंचाळणं थकून हुंदक्यांवर आलं. अर्पिताचा चेहरा गोजराच्या समोर उलटा लोंबत होता. तिचे डोळे आईच्या डोळ्यांत होते आणि त्यांतलं पाणी गालांवर न येता कपाळावरून केसांत चाललं होतं. गोजराला ते पुसायचं होतं. हात मोकळा नव्हता.