मधल्या किमतीची गाडी

अ‍ॅम्हर्स्ट ही मधली गाडी. मजुराला परवडेना, साहेबाला कमीपणा वाटे. म्हणून ती घ्यायची शाळामास्तरांनी, दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाईंनी आणि माझ्या नवऱ्यासारख्या हट्टी माणसांनी. एकोणीसशे पंचावन्न साली डेट्रॉइटमध्ये तिच्यासाठी तिन्ही पाळ्या चालत. सत्तावन्नला कंपनीच्या साहेबांनी तिला मागे पत्र्याचे शोभेचे पंख लावले आणि किंमत वाढवली. अठ्ठावन्नच्या मंदीत मास्तरही फिरकेनात. साठच्या नोव्हेंबरात कारखान्याला कुलूप लागलं.

झिगमुंटनं त्या कारखान्यात बावीस वर्षं गाड्यांना दारं बसवली. जानेवारीत शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कंपनीत भरती निघाली. घरात कोळसा संपत आलेला, त्याचं वय एकोणपन्नास. ही नोकरी हुकली तर पुढे अंधार.

आमच्या गावात शेंबडं पोरही जाणतं, की एका कंपनीची गाडी दुसऱ्या कंपनीच्या दारात न्यायची नाही. लांब लावायची, चालत जायचं.

"चर्चपाशी लाव. पाच मिनिटांची तर चाल," मी म्हणाले.

"चोरी केलीय का मी, ब्रोन्या? हिची चारही दारं माझ्या हातची आहेत."

"मग दारंच शिजवून वाढते रात्री!"

गाढवापुढे वाचली गीता. गाडी त्यानं थेट फाटकासमोर लावली. पुढे मला गाडी घेऊन बहिणीकडे जायचं होतं, म्हणून मी आतच बसून राहिले. तो रांगेत उभा राहिला.

मुकादम बाहेर आला. गाडी बघून त्याचं टाळकंच सटकलं.

"हे भंगार कुणाचं? ज्याचं असेल त्यानं त्यातच बसून घरी जावं!"

मी काच खाली केली. झिगमुंटचा नंबर तिसरा होता.

"तुझी का रे?" मुकादमानं त्यालाच विचारलं.

झिगमुंटनं मान हलवली. नाही म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला संताप आला, आणि त्याची कीवही आली. तेवढ्यात मुकादम खिडकीशी येऊन ठेपला.

"बाई, कुणाची गाडी?"

"माझ्या नवऱ्याची."

"मग कुठाय तो?"

झिगमुंट वीस पावलांवर, जमिनीकडे बघत उभा होता.

"वारला," मी म्हणाले. "रस्ता चुकले मी."

मुकादम ओशाळला. त्यानं टोपी काढली. त्याचं बघून रांगेतल्या माणसांनीही टोप्या काढल्या. झिगमुंटनंही काढली.

मी गाडी वळवून निघाले. त्याला काम मिळालं, दारांवर नव्हे, झाडूवर. संध्याकाळी तो बसनं घरी आला. मी पानं वाढली, पण मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.