वल्ह्यावर पारखलेली गिटार

ठाण्याच्या खाडीकाठी, दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जानू कोळ्याइतका तिखट कान दुसरा नव्हता. होडी थांबवायची, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि मुठीकडचं टोक कानाच्या भोकाला लावून बसायचं, ही त्याची रीत. घोळ मासळी पाण्याखाली घुमते, ढोलकीच्या धुमेवर थाप पडावी तशी. ती घुमली की जानू हात वर करी आणि जाळं तिथंच पडे. ऐकायचे बाकीचेही, पण त्यांना नुसता मासा ऐकू यायचा. जानूला ती घोळ एकटी की लेकुरवाळी, उरणकडून आली की ठाण्याकडून, इतकं सगळं समजे. एकदा तर त्यानं वल्हं कानावरून काढून सांगितलं की खाली दोघींचं भांडण चाललंय, जरा दम खा, मिटू दे. मिटल्यावर दोघी एकाच जाळ्यात आल्या, असं पाहणारे सांगतात. पाहणारे म्हणजे जानूच्या होडीतले.

तो कान सात वर्षांपूर्वी गेला. एका पावसाळ्यात दोन्ही कान फुटले, वाहिले आणि आटले ते कायमचे. जानूनं तीन दिवस खाडीत होडी लावून वल्हं कानाला धरलं. खाली घोळी मेल्या की आपण, हे त्याला कळेना. चौथ्या दिवशी त्यानं वल्हं घराच्या आढ्याला टांगलं आणि अंगणात जाळी विणत बसला. लोकांनी त्याच्याशी हातवाऱ्यांनी बोलायचं, आणि तेही कामापुरतं.

त्याचा मुलगा रोहिदास गावच्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. त्याची पोर कमळी हिचं लग्न माघात ठरलं, जवळच्या सारसोळे गावच्या मुलाशी. सगळी जुळवाजुळव झाली आणि जानूनं सांगून टाकलं की तो मांडवात बसणार नाही.

"आवाज नसला का नाचनारी मानसं कशी दिसतात तुना ठावं नाय," तो रोहिदासला म्हणाला. "पाटीत टाकलेली कोलबी उडते ना, तशी. नातीच्या लग्नात मना ते नको दाखवू."

कमळी आईपाशी जाऊन रडली. तिची आई मैना नवऱ्याला म्हणाली, इतकी वर्षं बेंजो बडवता, एका म्हाताऱ्याला ऐकवता येत नाही? आता बायकोचा असला प्रश्न म्हणजे घशात अडकलेला काटा. रोहिदासला ना गिळता येई ना थुंकता.

अशात माझगावला एका ख्रिस्ती लग्नात पापलेटांची पाटी पोचवायला तो गेला. पैशांसाठी ताटकळत लाकडी मंचाच्या खांबाला डोकं टेकून उभा होता. वर वाजंत्री सुरू झाली आणि एकाएकी त्याच्या कवटीत घोळ घुमली. त्यानं डोकं बाजूला केलं, घोळ गेली. पुन्हा टेकवलं, पुन्हा आली, पार दाढांपर्यंत. मंचावर एक जण लांब मानेची, चार जाड तारांची गिटार वाजवत होता. कार्यक्रम संपल्यावर रोहिदासनं त्याला गाठून विचारलं. त्यानं सांगितलं, ही इलेक्ट्रिक बेस गिटार, काळबादेवीकडे मिळते, आणि खांबाला चिकटून ऐकणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला.

रोहिदासकडे नायलॉनच्या जाळ्यासाठी ठेवलेले चारशे रुपये होते. भरती पाहून तो होडीनं भाऊच्या धक्क्याला लागला. ट्राम बंद होऊन दोनेक वर्षं झाली होती, म्हणून पायीच काळबादेवी. तिथल्या एका गल्लीत वामनरावांचं वाद्यांचं दुकान होतं. वामनराव गोरेघारे, पोट पुढं आलेले, सतारी आणि हार्मोनियममध्ये आयुष्य गेलेले; नव्या काळाला मान द्यावा म्हणून तीन बेस गिटारी त्यांनी ठेवल्या होत्या. तिघींच्या गळ्यात किमतीच्या चिठ्ठ्या. एक परळच्या सुतारानं घडवलेली देशी, सव्वादोनशेची. दुसरी बोटीवरून उतरलेली जपानी, पावणेपाचशेची. तिसरी काचेच्या कपाटात, विलायतेला परत गेलेल्या कुणा साहेबाची, अठराशेची.

रोहिदासनं तिघी उचलून पाहिल्या, जशी बाजारात सुरमई पाहतात तशा. मान दाबली, पोट ठोकलं, वासही घेतला. आणि त्याला पहिलंच कोडं पडलं: सगळ्यात जड ती सगळ्यात स्वस्त. आमच्याकडे वजन वाढलं का मोल वाढतं, इथं उलटं कसं, असं त्यानं विचारलं.

वामनरावांना प्रश्न आवडला. दिवसभर येणारी गिऱ्हाईकं रंग विचारत. त्यांनी बैठक सोडली आणि समजावून सांगितलं. तारांखाली लोहचुंबक असतं, ते तारेची थरथर पकडतं. देशीला एकच चुंबक आणि सुताराला सापडला तो फणसाचा ओंडका. जपानीला दोन चुंबकं, म्हणून दोन तऱ्हांचे आवाज, मान बारीक, हात लवकर फिरतो. आणि साहेबाच्या गिटारीची तार एकदा छेडली की चहा निवेपर्यंत आवाज टिकतो.

"मग अठराशातले टिकन्याचे किती न् नावाचे किती?" रोहिदासनं विचारलं.

वामनरावांनी दुकानात दुसरं कुणी नाही ना ते पाहिलं. "निम्मे निम्मे," ते म्हणाले. मग त्यांनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला. "अॅम्प्लिफायर कुठला देऊ? गावात वीज आहे ना?"

गावात विजेचे खांब आले होते. त्यांवर बगळे बसत. तारा यायच्या होत्या.

वामनरावांनी हातातली देशी गिटार हळूच खाली ठेवली. विजेवाचून हिचा आवाज शेजारच्यालाही जायचा नाही, गावात नेलीस तर ती सरपणातच जमा होईल, असं त्यांनी रोहिदासला स्पष्ट सांगितलं. खोटं बोलून विकणारा माणूस नव्हता तो. रोहिदासनं एक तार छेडली. टप् झालं, बस्स. मग त्यानं वाकून त्या गिटारीची कड दातांत धरली आणि पुन्हा छेडली. ही पाळी साहेबाच्या गिटारीवर यायला नको म्हणून वामनराव कपाटाच्या आडवे झाले. पण रोहिदासच्या दाढांत घोळ घुमली होती. बारीक, पण घुमली होती.

त्यानं तोंड पुसलं आणि सांगितलं की ऐकणारा घरी आहे, पारख तोच करील, त्याला घेऊन येतो.

पुढच्या भरतीला काळबादेवीच्या रस्त्यानं बापलेक निघाले, आणि बापाच्या खांद्यावर पाच हाती वल्हं. रोहिदासनं हातवाऱ्यांनी एवढंच समजावलं होतं की एका लाकडात घोळ आहे, ती ऐकायची आहे. जानूला ते पटलं नव्हतं, पण लाकडात घोळ म्हटल्यावर कुतूहल गप्प बसू देईना. एका शिंप्यानं विचारलं, एवढ्या मोठ्या गजानं कुणाचं माप घेता. एका हवालदारानं अडवलं. वल्हं कशाला, असं विचारल्यावर रोहिदासनं खरं ते सांगितलं, तेव्हा हवालदारानं दोघांना हात धरून रस्ता ओलांडून दिला.

दुकानात जानूनं आधी तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या. अक्षरं येत नसली तरी बाजारात उभं आयुष्य गेल्यानं आकडे येत. मग त्यानं वल्ह्याचं पातं साहेबाच्या गिटारीवर टेकवलं, मूठ कानाच्या भोकाला लावली आणि डोळे मिटले. वामनरावांनी तार छेडली. जानूनं मान हलवली, नाही. जपानीवर टेकवलं. नाही. मग देशी आली आणि म्हाताऱ्याचा चेहरा फुलला.

"हीच," तो म्हणाला. "हिच्यात हाय घोल. वाजव, वाजव."

वामनराव रंगात येऊन वाजवू लागले, जानू डोळे मिटून डोलू लागला. पण कोळ्याच्या पोटी जन्मलेला रोहिदास. पाणी जरा जास्तच शांत दिसलं की त्याला शंका येते. सगळ्यात स्वस्त तीच कशी बोलली? त्यानं वामनरावांना डोळ्यानं खुणावलं. वामनरावांनी हात तारांवरून उचलून मांडीवर ठेवले.

जानू डोलतच राहिला. "वा," म्हणाला. "झ्याक."

वामनराव आपल्या नखांकडे बघत बसले. रोहिदासनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. जानूनं डोळे उघडले, मांडीवरचे हात पाहिले, आणि सात वर्षांत पहिल्यांदा तो ओशाळला.

"तुझं नायलॉनचं जालं जाईल रं पोरा," तो खाली बघत म्हणाला. "मना कोनतीच आयकू नाय आली. सव्वादोनशेत तुझं समाधान झालं असतं."

रोहिदासनं बोलून ऐकणार कोण? तो जागचा उठला. माझगावचा खांब त्याला आठवत होता. तिथं आवाज कानातून आलाच नव्हता. त्यानं आपल्या दातांवर बोट आपटून बापाला खुणावलं, दातांत धर. जानूनं तोंड उघडून दाखवलं. दोन दात होते, तेही एकमेकांना न भेटणारे. वामनरावांना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांनीच वल्ह्याची मूठ धरून म्हाताऱ्याच्या हनुवटीला लावली, मग गालाला, मग कपाळाला, जसा वैद्य दुखरी जागा शोधतो. दुसऱ्या हातानं गुडघ्यांवर आडवी घेतलेली देशी गिटार छेडत होते, वल्ह्याचा दांडा तिच्यावरच टेकलेला. मूठ कानाच्या मागच्या उंच हाडावर आली आणि जानूनं वामनरावांचं मनगट पकडलं.

त्यानं मूठ हाडावरून काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली.

"भोकात नाय," तो पुटपुटला. "भोकाच्या मागं. सात वरसं मी बंद दार ठोकत बसलो."

त्यानंतर दुकानात दुसरा धंदा झाला नाही. जानूनं हुकूम सोडला की तो भिंतीकडे तोंड करून बसणार, गिटारी पाहिजे त्या क्रमानं वाजवाव्या. वामनरावांनी चिठ्ठ्या काढून ठेवल्या. पहिली वाजली तेव्हा जानू म्हणाला, हा ढोमा मासा, चपळ आहे पण अंगात काही नाही. ती जपानी होती. दुसरी वाजली, आणि तो म्हणाला, हा शिंगाळा, बोलतो कमी, ठोकतो जास्त. ती देशी. तिसऱ्या वेळी तो मूठ हाडावर घट्ट दाबून पुढं वाकला. "ही घोल," तो शेवटी म्हणाला. "मोठी. खोल पान्यातली." आणि तीच पुन्हा वाजवायला सांगितली, मग पुन्हा, मग चौथ्यांदा. रस्त्यावरचे तिघे-चौघे आत येऊन उभे राहिले.

रोहिदासच्या कनवटीला चारशे होते. होडी विकली तर अठराशे होतील, पण मग खायचं काय? आणि न घ्यावी तर, ज्यानं सात वर्षांनी कान उघडला त्याच्या तोंडावर तो पुन्हा मिटायचा कसा? तो वामनरावांकडे पाहत होता, वामनराव कपाटाकडे.

जानू वळून बसला. दोघांची तोंडं पाहून त्याला सगळं उमगलं.

"घोल आयकायला दर्या हाय," तो म्हणाला. "लग्नात नाचायला ठोका लागतो. शिंगाला घे."

एकदा खोटं बोललेल्या माणसावर दुसऱ्यांदा कसा विश्वास ठेवायचा? रोहिदासनं देशी गिटार स्वतः उचलली. मागचं टोक बाकावर टेकवलं, त्यावर बापानं वल्ह्याचं पातं ठेवलं, आणि त्याच्याकडे पाठ करून तो नवरीला हळदीला नेतानाचा ठेका वाजवू लागला. बेंजोची बोटं जाड तारांवर अडखळत होती. थोड्या वेळानं मागून फळीवर आवाज येऊ लागला. टाच पडत होती. रोहिदासला वळून बघायचं धाडस होईना. त्यानं मुद्दाम एक ठोका गाळला.

"चुकलास," मागून जानू खेकसला. "हात का आखडतो?"

रोहिदासनं सव्वादोनशे मोजले. जन्मात पहिल्यांदा विजेची गिटार विजेशिवाय विकतोय, असं म्हणत वामनरावांनी तारांचा एक जादा संच कागदात बांधून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

माघात लग्न लागलं. त्या फणसाच्या ओंडक्याचा आवाज मांडवात कुणालाच आला नाही, एका जानूखेरीज. पण जानूला नाचायचं होतं, आणि वल्हं हाडावरून सुटलं की नाच सुटायचा. म्हणून एका टोकाला गिटार वाजवणारा रोहिदास, दुसऱ्या टोकाला नाचणारा बाप, मध्ये पाच हात वल्हं; म्हातारा डावीकडे सरकला की लेकानं डावीकडे पळायचं, म्हाताऱ्यानं गिरकी घेतली की लेकानं अख्ख्या मांडवाला वळसा घालायचा. बेंजोवाले, ढोलकीवाले जीव मुठीत धरून वाकत होते. नवरदेवाचा फेटा दोनदा उडाला. कमळी डोक्यावर बाशिंग घेऊन आज्याच्या पुढ्यात नाचत होती, आणि आज्या तिला ओरडून सांगत होता की बापाचा हात अजून कच्चा आहे.

सारसोळ्याचं वऱ्हाड मात्र गंभीर होऊन पाहत होतं. त्यांना वाटलं ही दिवाळ्याची रीत. आपण वल्हं न घेता आलो, म्हणून त्यांच्यातल्या जाणत्यांना फार ओशाळल्यासारखं झालं, आणि त्यांनी दोन माणसं पिटाळून आपल्या होडीतलं वल्हं मागवून घेतलं.