अडखळणारा आवाज

"दाब ना अम्मच्ची, तू 'हो'वरच आहेस," जिन्सी म्हणाली. अलेयम्माला ती आजीच्या मायेनं अम्मच्ची म्हणायची.

मजकूर वाचून दाखवणारा कंप्युटरातला जुना आवाज आपल्या घोगऱ्या, सपाट सुरात विचारत होता, "हा आवाज काढून टाकायचा? हो. नाही." ज्याला हाकलायचं, त्याच्याच तोंडून परवानगी मागवायची!

"विचारतंय बघ, गाढव," अलेयम्मा म्हणाली. सतरा वर्षं ती त्याला गाढवच म्हणत आली होती.

कोट्टयमच्या त्या छापखान्यात ती सोळाव्या वर्षी अक्षरांचे खिळे जुळवायला आली. शाळा चौथीपर्यंत, पण उलटी अक्षरं लोकांच्या सुलट्यांपेक्षा लवकर वाचायची. पुढे काचबिंदूनं दृष्टी गेली, तेव्हा मालक, म्हणजे जिन्सीचे वडील पोत्तन, म्हणाले, "डोळे गेले, कान शाबूत आहेत ना?" तीन रविवार चर्च बुडवून त्यांनी हा आवाज कंप्युटरात बसवला. पाद्र्यांनी जाब विचारला तर म्हणाले, "मुक्याला वाचा देत होतो, फादर. तुमचंच काम."

तेव्हापासून प्रत्येक मजकूर अलेयम्माच्या कानाखालून जायचा. गाढवाला अक्कल नव्हती, हाच त्याचा गुण. समोर असेल तेच ओकायचं. अक्षर चुकलं की अडखळायचं आणि अलेयम्मा चूक चिमटीत धरायची. तिनं "चालू द्या" म्हटल्याशिवाय छपाईचं यंत्र हलत नसे.

"ठेव ना जुना-नवा दोन्ही," ती आता म्हणाली.

"दोघं एकत्र नांदत नाहीत गं. कंप्युटर अडकतो."

"का, सासूसुना आहेत?"

पण तिनं कळ दाबली.

"काढत आहे. दहा टक्के. चाळीस टक्के. साठ..."

पंख्याची घरघर तेवढी उरली. मग दुसरीच कुणी मधात बुडवून बोलली, "नमस्कार."

"ही कोण? कॉन्व्हेंटमधली नवी सिस्टर?"

पोत्तन यांना जाऊन वर्ष होत होतं; पहिलंच काम त्या प्रार्थनेचं कार्ड. नव्या बाईनं ते असं वाचलं की अलेयम्मानं कपाळावर क्रूस काढला. कुठे ठेच नाही, खडा नाही.

"चालू द्या."

दहा मिनिटांत यंत्र थांबलं. छपाईवाला वरीद कागद घेऊन दारात उभा राहिला. तो अलेयम्माला ताई मानून चेच्ची म्हणायचा.

"चेच्ची... 'दिवंगत'चं 'दिवगंत' झालंय."

अलेयम्मानं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. बाई गोड सुरात म्हणाली, "दिवंगत." समोर चूक, तोंडात बरोबर!

"मेली झाकते! अंदाजानं बोलते!"

जिन्सीनं जुना आवाज परत बसवून पाहिला. दोनदा. एकदा काढलेल्या त्याला कंप्युटरनं परत आत घेतलं नाही.

"राहू दे, अम्मच्ची," ती हळूच म्हणाली. "यापुढे मी तपासत जाईन. तू घरी आराम कर आता."

अलेयम्मानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आराम कबरीत आहेच. ही बया एकेक अक्षर म्हणते का?"

"बाणाची कळ दाबत गेलीस तर म्हणेल. पण एका कार्डाला अर्धा दिवस जाईल."

"मला कुठे लग्नाला जायचंय?"

अलेयम्मानं पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. बाई म्हणत गेली: प ला काना, व... एकट्या अक्षराचा अंदाज बांधायला मागेपुढे काही नव्हतं. जे होतं ते तिला म्हणावं लागत होतं. जेवणाची वेळ टळली. वरीदनं डब्यातले कप्पाचे उकडलेले कंद आणि मासे आणून समोर ठेवले, तिनं हातानंच दूर सारले. आठव्या ओळीत बोट थांबलं.

"'प्रार्थना'. प्र चा काना राहिलाय."

जिन्सी वाकली. तिनंही हे कार्ड दोनदा वाचलं होतं. तिनं काना घातला.

"अजून चार ओळी आहेत," अलेयम्मा म्हणाली आणि पुन्हा कळ दाबू लागली.

वरीदनं यंत्राशेजारी स्टूल ओढलं, हात पुसले आणि तिच्या शब्दाची वाट पाहत बसला.