सतरावा नमुना

तक्त्यात फक्त वय आणि व्यवसाय भरायचा होता. आमचा शोधनिबंध एका नियतकालिकाने छापायला घेतला होता आणि संपादकांना नमुने देणाऱ्यांची माहिती हवी होती, म्हणून प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी कुलूपबंद यादी काढून माझ्यापुढे टाकली. निरोगी गट, नमुना सतरा: वय अठ्ठावन्न, स्क्रीन प्रिंटर.

आमच्या प्रयोगशाळेत येणारा स्क्रीन प्रिंटर एकच. माझे बाबा.

कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत सुरू होतो; पुष्कळांची वास घ्यायची शक्ती तेव्हाच जाते. लाळेतल्या एका प्रथिनावरून तो तेव्हाच ओळखता यावा, म्हणून आम्ही स्वस्तातली पट्टी बनवली: प्लॅस्टिकवर कार्बनच्या शाईच्या तीन रेघा, त्यावर लाळेचा थेंब आणि खिशात मावेल असा मीटर. रेघा बाबा छापायचे, दुकानातल्या लेबलांच्याच फ्रेमवर. एका शीटवर चोवीस पट्ट्या, कोपऱ्यात पेन्सिलीने शीटचा नंबर. मी रजेवर असताना एकदा ते शीट द्यायला आले, तेव्हा म्हणे कुणीतरी म्हणालं, "काका, निरोगी माणसं कमी पडतायत, जरा थुंकून जा." बाबा हसत हसत थुंकून गेले.

सतरा नंबर तपासला मीच, आठ महिन्यांपूर्वी. निरोगी माणसाचा आकडा तिसाच्या आत येतो. हा एकशे बारा.

"निरोगी माणसाला एवढा येतो का? पट्टी खराब आहे, काढून टाक," सर म्हणाले होते. मी काढून टाकला. आलेख सुतासारखा सरळ झाला. "आणि तुझ्या बाबांना सांग, जरा हात जपून चालवा म्हणावं." पुढच्या पट्ट्या त्यांनी कारखान्यातून छापून घेतल्या.

बाबांनी वाद घातला नाही. मात्र तेव्हापासून जुन्या शीटांवर भिंग धरून बसतात. "माझाच हात चुकला असणार, शास्त्रज्ञबाई. शिवाय हल्लीचा थिनर भेसळीचा. वाससुद्धा येत नाही मेल्याला."

मी वही उघडली. सतरा नंबरची पट्टी नवव्या शीटमधली. त्या शीटच्या सहा पट्ट्या कपाटात पडून होत्या. सहाहींवर प्रथिनाचं प्रमाण आधीच माहीत असलेलं द्रावण टाकलं. सहाही बरोबर. लागली वीस मिनिटं. आठ महिन्यांत एवढी वीस मिनिटं कुणाला मिळाली नाहीत. मलाही नाही.

वही घेऊन सरांच्या खोलीत गेले आणि सतरावा नमुना आलेखात परत घ्यायला सांगितलं.

"अगं, एका ठिपक्यासाठी पेपर थांबवायचा?"

"ज्याला लवकर शोधायचं म्हणून यंत्र बनवलं, तोच सापडला बहुतेक. आणि आपण यंत्रालाच खोटं पाडलं."

"एका आकड्यावरून निदान होत नाही. हे मीच शिकवलंय तुला."

"मान्य. मग एका आकड्यावरून बाबांची छपाई कशी खराब ठरली?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "यादी गुप्त असते. तू त्यांना काही सांगू शकत नाहीस."

"टायपिंगसाठी माझ्यापुढे टाकलीत, तेव्हा नव्हती गुप्त?"

जागेवर येऊन मी ठिपका आलेखात परत घातला आणि फाइल सगळ्या सहलेखकांना पाठवली. खाली लिहिलं: हा ठिपका नसेल तर माझं नावही नको. बोटं इतकी रागाने चालत होती की एक ओळ तीनदा खोडावी लागली.

दुकानात शिरताच डोळे चुरचुरले. थिनरचा डबा उघडाच होता. त्याच्या शेजारी वाकून बाबा भिंगातून रेघा बघत होते. त्यांना वासाचा पत्ताच नव्हता. मी झाकण दाबून बसवलं.

"बाबा, तुमची नववी शीट बरोबर होती. मी आज तपासली."

ते झटकन वळले. एवढं हसताना त्यांना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "बघ! शाईला मी कधी नावं ठेवू दिली नाहीत कुणाला! सांगितलंस का तुझ्या सरांना?" मग भिंग हातात तसंच राहिलं. "म्हणजे तो आकडा खरा होता?"

"हो."

"आणि तो माणूस? त्याला कळवलं का कुणी?"

"नाही."

"आठ महिने?" बाबांचा आवाज चढला. "अरे, माणसं आहात का कोण? त्याच्या घरी बायकापोरं असतील! इतके शिकलात, आणि एक माणूस उठून त्याला सांगायला गेला नाही?"

मी त्यांच्या हातातून भिंग काढून घेतलं.

"आत्ता आलेय," मी म्हणाले.